वरच्या घराची राहिलेली टेस्ट

शनिवार, १ नोव्हेंबर. अम्मान.

माणसावर अन्याय किती परींनी होऊ शकतो याची सत्तेचाळीस वर्षांत मला बऱ्यापैकी कल्पना आली होती. पण फोनची वायर दीड वीत आखूड ठेवून केलेला अन्याय आज प्रथमच सोसला. मी भाड्याने घेतलेल्या तळघरात फोन, वरच्या घराच्याच लाइनवरचा, भिंतीच्या कोनाड्यात आहे, कोनाडा गुडघ्याच्या उंचीवर, आणि वायर अशी मापून कापलेली की रिसीव्हर कानाला लावायचा तर माणसाने फरशीवर गुडघे टेकलेच पाहिजेत. बावीस वर्षं मी टेलिफोन खात्यात तारा ओढल्या. अर्धं इर्बिद माझ्या सांध्यांवर बोलतं. आणि आज बहिणीला 'सुखरूप पोचलो' एवढं कळवायला मला शिक्षा झालेल्या पोरासारखं बसावं लागलं.

घरमालकीण उम्म नशात वरच्या घरात एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज तिशीतला. तक्रार ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांनीच कापली ती. भाडेकरू तासन्‌तास बोलायचे. गुडघे टेकले की माणूस मुद्द्याचं बोलतो." वर म्हणाल्या, "तू टेलिफोनवाला ना रे? मग लांब कर की."

मी म्हटलं, उद्या करतो, खाला. मावशीच म्हणायचं ठरवलं.

बाकी घर झकास. खिडकीबाहेर लिंबाचं झाड आहे, रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात, आणि बुटांवरून माणसाची किंमत करायला मला आवडतं. मोबाइलला इथे खाली रेंज नाही, ही तर चैनच. दाराशी ताटलीभर लोणच्याची वांगी झाकून ठेवलेली होती. बायको गेल्यानंतर माझ्या दाराशी कुणी काही ठेवल्याचं आठवत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नव्या नोकरीचा तिसरा दिवस. खात्याने म्हाताऱ्यांना घरी पाठवलं तेव्हा वाटलं होतं संपलं. पण श्रीमंतांच्या अडचणी कधी संपत नाहीत, हा केवढा आधार आहे. मुलं दुबईत, आई-बाप अम्मानात, मध्ये दगडी बंगला, आणि बंगल्यात चोरांसाठी नि आजारासाठी अलार्म. आता सगळ्यांना ब्रॉडबँड हवा आहे. दोन्ही एकाच टेलिफोनच्या तारेवर. ब्रॉडबँड त्या तारेत सतत कुजबुजत असतो, आणि अलार्मचा डबा केंद्राला फोन लावतो तेव्हा त्या कुजबुजीत त्याचं बोलणं बुडून जातं. म्हणून तार घरात शिरते तिथेच, डब्याच्या आधी, एक मोठा फिल्टर बसवायचा. फोनना लावायचे ते छोटे फिल्टर इथे कामाचे नाहीत.

आणखी एक. डब्याचा मान पहिला. त्याला बोलायचं असलं की तो घरातल्या सगळ्या फोनकडून लाइन हिसकावून घेतो. तुम्ही कुणाशी बोलत असा, रिसीव्हर गपकन मुका होतो.

शेवटी टेस्ट. अलार्म केंद्रात लमीस नावाची मुलगी बसते, तिला कळवायचं, घरातल्या सगळ्यात लांबच्या जागी जाऊन बटण दाबायचं, आणि तिच्याकडे संदेश पोचला असं ती म्हणेपर्यंत हलायचं नाही. मग फॉर्मवर सही. सव्वा तास जातो. कंपनीचे मालक हातिमसाहेब म्हणतात, टेस्टशिवाय सही केलीस तर हात तोडीन. मी आजवर केलेली नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वर जेवायला बोलावणं होतं. मकलूबा: भांडं थाळ्यात उपडं घालून उम्म नशातनी भाताचा बुरूज उभा केला आणि तो ढासळायच्या आत मी खाल्लं पाहिजे असा दम दिला.

त्यांच्याकडेही अलार्म आहे. मुलगा नशात अबूधाबीला असतो, त्याने बसवून दिलाय. गळ्यात निळ्या फितीचं बटण. पडलं-झडलं तर दाबायचं. डबा केंद्राला फोन लावतो आणि डब्यातूनच केंद्राशी बोलता येतं. भोंगा वाजत नाही, आजारी माणूस दचकू नये म्हणून. केंद्र आधी परवलीचा शब्द विचारतं. यांचा शब्द 'ज़रीफ़ा'. लहानपणी सॉल्ट गावी यांची गाढवीण होती ती. गुप्त शब्द असा कुणाला सांगायचा नसतो, असं मी म्हटलं.

"कुणाला सांगितलाय? तुला, वाण्याला, आणि गॅसवाल्याला," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या बहिणीला नाही सांगितला. ती चोर आहे."

जेवताना बटण काढून ओट्याजवळच्या हुकाला टांगतात. म्हणाल्या, गाईच्या गळ्यात घंटा असते तसं वाटतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज नातवाचा वाढदिवस. नशातने कॉम्प्युटर पाठवलाय, ब्रॉडबँडची लाइन कालच सुरू झाली, आणि खालांना केक कापताना नातू पडद्यावर पाहायचा होता. मला म्हणाल्या, "घरात इंजिनियर पोसलाय तो काय लोणचं घालायला?"

मोठे फिल्टर संपलेत. पुढच्या आठवड्यात येतील. माझ्याकडे छोटेच होते. ते फोनना लावले, पण डबा तारेवर असला की ब्रॉडबँड दर पाच मिनिटांनी पडतो. केक चार वाजता. मी डब्याच्या दोन तारा सोडवल्या, टोकांना निळी पट्टी गुंडाळली. फोन चालू, ब्रॉडबँड चालू. डबा लाइन नाही म्हणून टीटी करायला लागला, तर त्याची टीटी बंद केली. लमीसला सांगितलं, या घराचं काम चालू आहे, रोजचा हजेरीचा संदेश आला नाही तरी ओरडू नकोस. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तर ठीक, उस्ताद सबरी."

चार वाजता नातवाने केकमध्ये हात घातला. खाला इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मग विचारलं, तुझी ती टेस्ट नाही का करायची? लांब जाऊन दाबायची? मी म्हटलं, मोठा फिल्टर आला की करतो. तोवर मी आहे ना खाली, जिवंत अलार्म. घरच्या कामाला कसला फॉर्म.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मोठे फिल्टर आले. एक खालांसाठी पिशवीत टाकला. आज त्यांच्याकडे बायका जमल्या होत्या, बायकांच्या घोळक्यात स्क्रू पिळत बसणं बरं दिसत नाही. उद्या.

फोनची वायरही अजून आखूडच.

शनिवार, ६ डिसेंबर

सोमवारी ईद. मी आज इर्बिदला बहिणीकडे निघालो, शुक्रवारी परत. खाला जिन्यात उभ्या होत्या. नशातला रजा नाही. पण ईदच्या दुसऱ्या दिवशी त्या बहिणीकडे ज़र्काला जाणार आहेत, चोर असली तरी ईद आहे. मला खजुराची बिस्किटं बांधून दिली. म्हणाल्या, "इंजिनियर, माझी टेस्ट राहिलीय हं. मला बटण दाबून बघायचंय. कोण बोलतं बघू तरी."

आल्यावर पहिलं तेच काम, खाला.

फिल्टर पिशवीत होता. पिशवी माझ्या खांद्याला होती. बस सुटायला चाळीस मिनिटं होती.

शुक्रवार, १२ डिसेंबर

वर रेडिओ चालू होता. दार वाजवलं. माझ्याकडे किल्ली असते.

स्वयंपाकघरात, ओट्याखाली. मांडीचं हाड मोडलेलं. बटण मुठीत.

पुढचं लिहीत नाही.

रविवार, १४ डिसेंबर

काल नशात आला, कालच दफन झालं. ज़र्काच्या बहिणीला वाटलं होतं मुलगा आला असेल. मुलाला वाटलं होतं बहिणीकडे असेल. फोन वाजत राहिला, उचलला नाही, म्हणून त्याची आणखी खात्री पटली. प्रत्येकाचं वाटणं रास्त होतं. माझंच तेवढं वाटणं नव्हतं. मला माहीत होतं.

डॉक्टर गेल्यावर डब्याच्या पडद्यावर मागची नोंद पाहिली. पहिल्यांदा दाबलं सोमवारी, ईदच्या दिवशी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. शेवटचं बुधवारी सकाळी सहा चाळीसला. एकूण दोनशे अकरा वेळा. प्रत्येकापुढे तेच: संदेश पोचला नाही.

नशातने विचारलं, आईने बटण दाबलं होतं का? मोठा रुबाबदार माणूस, पण विचारताना माझ्या बुटांकडे पाहत होता.

मी म्हटलं, नोंदीत काही नाही. तिला वेळच मिळाला नसेल.

तो हुंदका देऊन म्हणाला, अल्लाची कृपा. चटकन गेली.

नोंद मी आधीच पुसली होती.

बुधवार, १७ डिसेंबर

मोठा फिल्टर बसवला. तार शिरते तिथे, डब्याच्या आधी, निळी पट्टी काढून. इतकं नेटकं काम मी आयुष्यात केलं नसेल. कुणीही येऊन पाहावं.

टेस्ट केली नाही. कुणासाठी करायची?

रविवार, २१ डिसेंबर

नशात काल गेला. घर माझ्यावर सोपवलं. म्हणाला, लाइन चालू ठेवा, आईचा नंबर बंद पडलेला मला बघवणार नाही. बटण आठवण म्हणून बरोबर नेलं. विमानतळावर त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. तो हात मी घरी येऊन धुतला.

आज दुपारी गुडघे टेकून बहिणीशी बोलत होतो, मध्येच फोन मुका झाला. मिनिटभराने परत आला. घड्याळात दोन वाजून अकरा.

डब्याने लाइन घेतली. घेणारच, आता जोडलेला आहे. हजेरीचा संदेश असणार.

सोमवार, २२ डिसेंबर

हजेरीचा संदेश पहाटे जातो. हे मला काल आठवलं नाही.

आज परत दोन दहा. लमीसला फोन केला, सहज केल्यासारखा. तिने पाहून सांगितलं, हो, त्या घरातून दोन्ही दिवस आजाराचं बटण दाबलं गेलंय. कालही आजही मी स्वतः बोलले, बाई बऱ्या आहेत. परवलीचा शब्दही बरोबर सांगितला.

मी विचारलं, कोण बाई?

ती हसली. "तुमच्या खाला, आणखी कोण? म्हणाल्या, मी टेस्ट करतेय. इंजिनियर खाली राहतो, पण वर येत नाही."

लमीसच्या कागदावर खाला जिवंत आहेत. केंद्राला कळवायचं काम कुणाचं होतं? माझं. मी रिसीव्हर ठेवला. कळवलं नाही.

मंगळवार, २३ डिसेंबर

नशातला मोबाइलवर विचारलं, रस्त्यावर उभा राहून. बटण त्याच्याकडेच आहे, अबूधाबीत, कपाटाच्या खणात. त्याने उघडून पाहिलं.

दोन दहा. दोन चौदा. दोन वीस.

मधल्या वेळात फोन ठीक असतो. एकदा रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला. मुका झालेला फोन मला ओळखता येतो, बावीस वर्षं तेच केलं. त्यात काहीच ऐकू येत नाही. यात बांगडी फरशीला लागल्यासारखं काहीतरी होतं.

बुधवार, २४ डिसेंबर

वर गेलो. भर दुपारी, खिडक्या उघड्या टाकून, रेडिओ लावून. डब्याची वीज काढली, बॅटरी काढली, बॅटरी खिशात घालून खाली आलो. ओट्याखाली पाहिलं नाही.

दोन दहाला फोन मुका झाला. बॅटरी माझ्या खिशात होती.

अकरा वेळा झाला.

शुक्रवार, २६ डिसेंबर

राहवलं नाही. लमीसला सांगितलं, बाई गेल्या. ईदला गेल्या. तारा मी सोडवल्या होत्या. सगळं सांगितलं.

तिने कागद चाळल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "उस्ताद, आत्ता दुपारी मी त्यांच्याशी बोललेय." मग म्हणाली, माझ्या आईची शपथ. मग रडायला लागली.

संध्याकाळी तिच्या साहेबाचा फोन आला. गृहस्थ फार सभ्य होता. धारक मयत झाल्यामुळे खातं बंद केलंय. त्या घरातून काहीही संदेश आला तरी इथे आता कुणी उचलणार नाही. आपण निश्चिंत राहावं.

निश्चिंत.

रविवार, २८ डिसेंबर

हातिमसाहेबांनी दुसऱ्या बंगल्यावर पाठवलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. वेगळी लाइन, वेगळा डबा, सगळं वेगळं. टेस्टसाठी रिसीव्हर उचलला, दोन दहा, मुका. यजमानीणबाई म्हणाल्या, काय झालं, चेहरा असा का?

त्या मुक्या फोनमधूनही — बांगडी —

सुट्टी टाकली. इर्बिदला जावं. पण बहिणीकडेही फोन आहे.

सोमवार, २९ डिसेंबर

नशातला सगळं सांगायचं ठरवलं. घरच्या फोनवरून, गुडघे टेकून. हे असंच सांगायला हवं. तारा, निळी पट्टी, बंद केलेली टीटी, दोनशे अकरा, पुसलेली नोंद. तो मध्ये एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, केवढा मोठा माणूस आहे. मी म्हटलं, ती दोन दिवस जिवंत होती. ती चटकन गेली नाही.

उत्तराची वाट पाहिली.

मग घड्याळ पाहिलं. मी सुरुवात केली तेव्हा दोन दहा होऊन गेले होते. फोन पहिल्या वाक्यापासूनच मुका होता. त्याने काही ऐकलंच नाही. दुसरंच कुणीतरी —

परत लावला. तो म्हणाला, लाइन कापली गेली होती, काय म्हणत होता तुम्ही?

मी म्हटलं, काही नाही. घर ठीक आहे.

मंगळवार, ३० डिसेंबर

एकोणसत्तर वेळा. मोजणं सोडलं.

ती छळत नाहीये. तेच तर वाईट आहे. तिला टेस्ट हवी आहे, मी कबूल केलेली. लांबच्या जागेवरून दाबायचं आणि कोण बोलतं ते बघायचं. करून द्यावी. फॉर्म आहे पिशवीत.

पण आता उचलणारं कुणी नाही. ते मीच बंद करवलं. खरं बोलून.

बुधवार, ३१ डिसेंबर. वर.

वही इथे आणली आहे. बॅटरी घातली, वीज जोडली. फिल्टर तपासला, ठीक आहे. मोबाइल खाली कोनाड्यात राहिला.

बटण हुकाला टांगलेलं आहे. निळी फीत. अबूधाबीच्या खणात काय आहे ते मी विचारणार नाही.

गळ्यात घातलं. डब्यापासून सगळ्यात लांबची जागा ओट्याची. तिथे उभा राहिलो. दोन दहा.

दाबलं.

संदेश पोचला नाही.

आता उभा नाही. पडल्याचं आठवत नाही. कमरेखाली काही लागत नाही, दुखतही नाही, आपलं नाहीच असं वाटतं. डब्याचा पडदा इथून बरोबर दिसतो. तिलाही दिसत असणार. हे मला सुचलं नव्हतं — की तिला वाचता येत होतं.

नऊ. संदेश पोचला नाही.

ओरडलो. गॅसची गाडी नेमकी तेव्हाच तिची धून वाजवत गेली. दगडी घर आहे.

चाळीस.

उद्या सुट्टी. हातिमसाहेबांना वाटेल इर्बिदला गेला. बहिणीला वाटेल अम्मानला आहे. प्रत्येकाचं वाटणं —

पाण्याचा नळ दिसतो. हात पुरत नाही. दीड वीत.

अंधार पडला, मग उजाडलं. रात्री पडद्याचा उजेड तेवढा होता, तेवढ्यावर लिहिलं. शंभर अठरा.

ती जवळ आहे असं वाटतं. बोलत नाही. बघतेय, कोण बोलतं ते.

खाला, करून देतो. अर्धी सोडत नाही.

एकशे नव्वद.

फॉर्म भरला. घरधनी: उम्म नशात. मोठा फिल्टर: बसवला. डबा: जोडला. बटण: सगळ्यात लांबच्या जागेवरून दाबलं. तारीख खरी घातली. सही केली, वाकडी आली पण माझीच आहे. एवढं फिटलं.

एकच रकाना राहिला. केंद्राला संदेश पोचला का —

दोनशे नऊ.

दोनशे दहा.

दोनशे